घरचं सायडर, घरचं मीड : वाचकांचे प्रश्न

सप्टेंबर उजाडला आणि इंग्लंडात झाडाखाली सफरचंदांचा सडा पडायला लागला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी दही का लागत नाही, थंडीत इडलीचं पीठ का फुगत नाही असं विचारणारी मंडळी एकदम डेमीजॉन (रस आंबवायची मोठी काचेची बाटली) आणि यीस्टवर येतात. म्हणून या अंकात सायडर आणि मीड, म्हणजे सफरचंदाच्या रसाचं आणि मधाचं मद्य, यांवरचीच पत्रं घेतली आहेत. मी सांगलीकडची, शिकले मायक्रोबायोलॉजी. लग्नानंतर हेरेफर्डशायरला आले आणि सायडरच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. हा सफरचंदांचाच मुलुख आहे, त्यामुळे उत्तरांत सायडरकडे माझा ओढा जास्त दिसेल.

आधी कायद्याचं. ब्रिटनमध्ये घरच्यांसाठी मीड किंवा सायडर करायला परवाना लागत नाही. मात्र ते विकता येत नाही, आणि परवान्याशिवाय भट्टी लावून त्याचा अर्क काढणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणंच गुन्हा ठरतं. तेव्हा तिकडच्या वाचकांनी खालची उत्तरं माहिती म्हणून वाचावीत, कृती म्हणून नाही.

आणखी एक. बहुतेक पत्रांत ‘बुडबुडे थांबले’ किंवा ‘बुडबुडे येतच नाहीत’ एवढंच लिहिलेलं असतं. बुडबुड्यांवर विसंबू नका. बूच जरा सैल बसलं असेल तर आत जोरात आंबत असूनही एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी बुचातली नळी) गप्प राहतो. उलट सगळी साखर संपल्यावरही खोली तापली की विरघळलेला वायू बाहेर पडत राहतो. खरं सांगतो तो हायड्रोमीटर. ही काचेची नळी साध्या पाण्यात १.००० वर तरंगते, आणि साखर जितकी जास्त तितकी वर उचलली जाते. सफरचंदाचा ताजा रस साधारण १.०४५ ते १.०५५ दाखवतो. साखर संपत जाते तसा आकडा उतरतो. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करायचा आणि १३१ ने गुणायचं, की मद्यार्काची टक्केवारी जवळपास कळते. १.०४८ वरून १.००० वर आलं तर सव्वासहा टक्के. एवढं एक साधन आणल्याशिवाय सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : ताई, लेस्टरला घर घेतलं, त्याच्या परसात ब्रॅम्लीचं जुनं झाड आहे. सफरचंदं चिक्कार, पण आंबटढाण. शेजारच्या आजी म्हणतात सायडर करा. आमच्याकडे प्रेस नाही. मिक्सरवर जमेल का? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : जमेल. आणि झाडही मानाचं आहे. ब्रॅम्लीचं पहिलं झाड तुमच्यापासून फार लांब नाही, नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेलला १८०९ साली एका लहान मुलीने पेरलेल्या बीतून उगवलं.

पण हे शिजवायचं सफरचंद आहे. नुसत्या ब्रॅम्लीचं सायडर दात आंबवतं आणि त्याला अंग नसतं. इकडे सायडरची सफरचंदं चार वर्गांत मोजतात: गोड, गोड-तुरट, आंबट आणि आंबट-तुरट. ही वर्गवारी ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्राची. १९०३ साली सुरू झालेलं हे केंद्र २००३ ला बंद पडलं, पण सायडरवाले आजही त्यांचीच भाषा बोलतात. डॅबिनेट आणि यार्लिंग्टन मिल ही गोड-तुरट, किंग्स्टन ब्लॅक आंबट-तुरट. डॅबिनेट चावून पाहाल तर कच्च्या केळ्यासारखी जीभ धरते. तो तुरटपणाच सायडरला अंग देतो. तुमच्याकडे आंबट भरपूर आहे, गोड आणि तुरट बाहेरून आणायचं आहे.

एक भाग ब्रॅम्लीला तीन भाग गोड सफरचंदं घ्या. गाला चालेल, कॉक्स मिळालं तर उत्तम. तुरटपणासाठी डेमीजॉनमागे एक कप कडक कोरा चहा, बिनसाखरेचा, गार करून. हा मी काढलेला उपाय नाही, इकडचे घरगुती सायडरवाले सर्रास हेच करतात.

झाडावरून काढलेली फळं लगेच दळू नका. आठवडा-दोन आठवडे गार, कोरड्या जागी पसरून ठेवा, म्हणजे आतल्या पिठुळपणाची साखर होते. अंगठा दाबल्यावर साल जरा आत गेली की फळ तयार. पडलेली फळं घेतलीत तर धुऊन घ्या आणि कुजका भाग नीट कापून टाका. निळ्या बुरशीच्या कुजीत पॅट्युलिन नावाचं विष असतं. आंबण्यात त्याचा बराचसा भाग नाहीसा होतो, पण मुळात आत घालायचंच कशाला? मार लागून तपकिरी झालेलं फळ मात्र चालतं.

प्रेस नसेल तर फ्रीजरचा उपयोग करा. फळांच्या फोडी करून पिशव्यांत भरून गोठवा आणि मग पूर्ण वितळू द्या. गोठताना पेशी फुटतात, त्यामुळे मिक्सरमध्ये वाटण्याची गरजच उरत नाही. वाटल्यावर होणारा लगदा कापडातून गळतही नाही, नुसता बसून राहतो. वितळलेल्या फोडी मलमलीत बांधून चाळणीवर ठेवा, वर वजन ठेवा आणि शेवटी हाताने पिळा. १० किलो फळांतून साडेचार लिटर रस निघाला तर उत्तम. एक डेमीजॉन तेवढ्याचाच असतो.

रसात पेक्टिक एन्झाइम घाला, नाहीतर पेक्टिनमुळे सायडर कायम गढूळ राहील. एक कॅम्डन गोळी चुरून घाला, झाकण अलगद ठेवून २४ तास थांबा, म्हणजे सालीवरचे जंगली जंतू दबतात. घरात कुणाला दमा असेल तर ही गोळी सल्फाइटची आहे हे लक्षात ठेवा, काहींना त्रास होतो. मग पाकिटातलं सायडरचं यीस्ट घाला, एअरलॉक लावा आणि जिन्याखाली, हीटरपासून लांब ठेवा. १५ ते १८ अंश तापमान पुरेसं आहे. गरम जागी लवकर होतं, पण सफरचंदाचा वास उडून जातो.

पहिल्या आठवड्यात वर तपकिरी फेस येईल, म्हणून सुरुवातीला डेमीजॉन खांद्यापर्यंतच भरा. फेस बसला की राखून ठेवलेल्या रसाने मानेपर्यंत भरून घ्या. वर मोकळी हवा राहू देऊ नका, सायडर हवेने बिघडतं. आकडा १.००० च्या आसपास आला, आणि आठवड्याने पुन्हा मोजल्यावरही तोच राहिला, की गाळ मागे ठेवून सायफनने दुसऱ्या डेमीजॉनमध्ये काढा. तेव्हा चाखाल तर कच्चं लागेल. मार्चपर्यंत त्याला हात लावू नका.

प्रश्न : पहिल्यांदाच मीड केलं. १.०९० ने सुरुवात झाली, आता तीन आठवडे झाले आणि आकडा १.०४५ वर अडकला आहे. वर उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. घरात आम्ही शुद्ध शाकाहारी, त्यामुळे हिने डेमीजॉन गॅरेजमध्ये नेऊन ठेवायला लावला. फेकून देऊ का? (एक वाचक, मिल्टन कीन्स)

उत्तर : मुळीच फेकू नका. आकडे लिहिलेत म्हणून बरं झालं, त्यांवरून दुखणं लगेच कळतं.

मधात साखर उदंड, पण यीस्टला वाढायला लागणारा नायट्रोजन जवळजवळ नाही. द्राक्षाच्या रसात तो असतो, सफरचंदाच्या रसात थोडा असतो, मधात नावापुरताच. उपाशी यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडतं, तोच तुमचा अंड्याचा वास. दुसरं, मधाच्या पाण्यात आंबटपणा सांभाळून धरणारी खनिजं कमी असतात, त्यामुळे पीएच (जितका कमी तितकं आंबट) झपाट्याने उतरतो आणि ३ च्या खाली गेला की यीस्ट काम थांबवतं. तिसरं, नोव्हेंबरातलं गॅरेज. तिथे १० अंश असतील तर त्याने काम कसं करायचं?

आधी डेमीजॉन घरात आणा, १८ ते २० अंशांत. वासाचं वहिनींना सांगा की तो जाणारा वास आहे, त्यात अंडं काही नाही. मग निर्जंतुक केलेल्या लांब चमच्याने हळूहळू ढवळा. एकदम ढवळलंत तर वायू उसळून मीड जमिनीवर येईल. वासाचा बराचसा भाग यातच निघून जातो. पीएचची पट्टी बुडवा, ३.२ च्या खाली असेल तर पोटॅशियम बायकार्बोनेट चिमूट चिमूट घालून पुन्हा मोजा. खाण्याचा सोडा नको, त्याने खारटपणा येतो.

आता खाद्य. पांढरे दाणे असतात ते डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट. ते सुरुवातीच्या दिवसांत द्यायचं असतं. मद्यार्क वाढल्यावर यीस्ट ते घेऊ शकत नाही. तुमची अर्धी साखर संपली आहे, म्हणजे ती वेळ गेली. त्याऐवजी मेलेल्या यीस्टपासून केलेलं खाद्य मिळतं ते द्या. तेही नसेल तर पावाचं कोरडं यीस्ट, दोन छोटे चमचे, अर्धा कप पाण्यात १० मिनिटं उकळून गार करून ओता. उकळल्याने ते मरतं आणि जिवंत यीस्टचं खाद्य होतं.

एवढं करून आठवड्यात आकडा हलला नाही तर ईसी-१११८ हे चिवट यीस्ट आणा. कोमट पाण्यात फुलवा, त्यात अडकलेलं मीड पाव कप घाला, फेस येऊ द्या, मग तितकंच आणखी घाला. असं वाढवत एक लिटर झालं की सगळं डेमीजॉनमध्ये परत. थंड, मद्यार्काने भरलेल्या मीडमध्ये कोरडं यीस्ट थेट टाकलंत तर ते मरेल.

आणि पुढच्या खेपेसाठी हे कापून ठेवा. साडेचार लिटरला सव्वा किलोच्या आत मध घ्या, १२ टक्क्यांच्या आसपासचं मीड होतं. मध उकळू नका, त्याचा वास हीच त्याची किंमत आहे. कोमट पाण्यात विरघळवा आणि भरपूर हलवा, सुरुवातीला यीस्टला हवा लागते. खाद्य एकदम न घालता चार भागांत द्या: यीस्ट घातल्यावर २४, ४८ आणि ७२ तासांनी, आणि चौथा भाग एक तृतीयांश साखर संपली की. १.०८४ ने सुरुवात केली असेल तर ती खूण १.०५६ ला येते. त्यानंतर खाद्यही नाही आणि हवाही नाही. या चार दिवसांत जो लक्ष देतो त्याचं मीड सहा महिन्यांत पिण्याजोगं होतं. जो देत नाही त्याला दोन-दोन वर्षं वाट पाहावी लागते आणि तो म्हणतो, मीड असंच असतं. तसं नसतं.

प्रश्न : नमस्कार. अकोले तालुक्यातून पावसाळ्यात आणलेला आग्या मोहोळाचा मध बरणीत फसफसतोय. खाली दाणे बसलेत, वर पातळ झालाय आणि आंबूस वास येतोय. मध खोटा निघाला का? याचं आपोआप मीड होईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खोटा नाही, ओला आहे. माशा मधावर पंख मारून पाणी उडवतात आणि पुरेसा घट्ट झाला की मेणाचं झाकण लावतात. झाकण लागायच्या आधीच पोळं पिळलं, त्यातून पावसाळी हवा असली, की मधात पाणी जास्त राहतं. आपल्याकडच्या अन्नमानकांत ही मर्यादा २० टक्के आहे. त्याच्या वर गेलं की इतक्या साखरेतही तगणारी जी यीस्ट मुळातच मधात असतात ती जागी होतात. दाणे बसले की उरलेला भाग आणखी पातळ होतो, म्हणून वरचा थर आधी आंबतो.

मीड मात्र आपोआप होणार नाही. नुसता बिघडलेला मध होईल, आणि महाराष्ट्रात ते मुद्दाम करायचंही नाही. चाखायची हौस असेल तर पुण्याजवळ आणि तुमच्या नाशकातच परवाना घेऊन मीड करणारे आहेत. बरणीचं झाकण आत्ता सैल करा, काच फुटू शकते. मध फ्रीजमध्ये ठेवा आणि पोळी, लाडू, भाजणीच्या वड्या अशा गरम करायच्या पदार्थांत लवकर संपवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. हा नव्हे, कुठलाच नाही. बोटुलिझमचे बीजाणू मोठ्यांना बाधत नाहीत, बाळाला बाधतात. बारशाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची आपली रीत मला ठाऊक आहे, तरी सांगते.

आणि पुढच्या वेळी पिळलेला मध घेण्याऐवजी पेटीतला, यंत्राने काढलेला सातेरीचा मध घ्या. पोळं आणि अंडी-पिल्लं शाबूत राहतात. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था हेच शिकवते आहे, आणि महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव झालं ते याच कामावर.

प्रश्न : मी सायडर करते हे कळल्यापासून साताऱ्याहून आई रोज फोनवर म्हणते, घरच्या दारूने डोळे जातात, माणसं मरतात. तिला काय सांगू? (एक वाचक, कार्डिफ)

उत्तर : आईंची भीती अनुभवातून आली आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती सगळी गरीब माणसं होती. पण त्या दारूत विष आलं ते आंबण्यातून नाही. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल स्वस्त म्हणून मिसळतात, त्याने माणसं मरतात. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालतं.

सफरचंदाच्या पेक्टिनमधून आंबताना मिथेनॉल निघतं हे खरं, पण ते अगदी अल्प असतं आणि घरच्या सायडरने डोळ्यांना धोका नसतो. मधात पेक्टिन जवळजवळ नाहीच. आईंना सांगा, मी भट्टी लावत नाही, अर्क काढत नाही, बाहेरून स्पिरिट आणून मिसळत नाही. रस, यीस्ट आणि वेळ, एवढंच.

धोका असलाच तर तो वेगळा आहे आणि त्याबद्दल मी गंभीर आहे. घरचं म्हणून ते सौम्य नसतं. १२ टक्क्यांच्या मीडची पाऊण लिटरची एक बाटली म्हणजे ९ युनिट (एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क). इकडचे डॉक्टर आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नका म्हणतात. सहा टक्क्यांच्या सायडरचा अर्धा लिटर म्हणजे ३ युनिट. बाटलीवर टक्केवारी लिहा. गाडी चालवणाऱ्याला, गरोदर बाईला आग्रह करू नका. आपल्याकडे आग्रहाची सवय असते म्हणून मुद्दाम लिहिलं.

प्रश्न : दहा दिवसांत बुडबुडे थांबले म्हणून सायडर अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरलं. फसफसावं म्हणून प्रत्येकीत दोन चमचे साखर घातली. काल रात्री कपाटात तीन बाटल्या फुटल्या. काचा पार भिंतीत घुसल्या. (एक वाचक, स्लाव)

उत्तर : कुणाला लागलं नाही असं पत्रात पुढे लिहिलंत, ते वाचून जीव भांड्यात पडला. आधी उरलेल्या बाटल्यांचं बघा. जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, अंगात जाड कोट. मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. बाटल्यांवर जाड ओला टॉवेल टाका, खोका तसाच बाहेर थंडीत न्या आणि पूर्ण गार होऊ द्या. गार झाल्यावर वायू द्रवात विरघळून राहतो आणि दाब उतरतो. मग एकेक बाटली टॉवेलात गुंडाळून, तोंड स्वतःकडे न धरता उघडा.

आता हिशेब बघा. ४ ग्रॅम साखर एक लिटर सायडरमध्ये आंबली की साधारण एक लिटर वायू होतो. दोन छोटे चमचे म्हणजे ८ ते १० ग्रॅम, अर्ध्या लिटरला. म्हणजे लिटरला २० ग्रॅम, अर्थात ५ लिटर वायू. वर तुम्ही मोजलं नव्हतं, दहा दिवसांत १.०१० च्या आसपास सहज असेल, म्हणजे आणखी तितकीच साखर आत होती. एका लिटरच्या जागेत दहा लिटर वायू. बिअरची बाटली तीन लिटरांच्या आसपास सोसते, शॅम्पेनची जाड बाटली दुप्पट. दहा कुणीच सोसत नाही.

पद्धत अशी ठेवा. आकडा १.००० किंवा त्याच्या खाली, आठवडाभर तसाच. मग लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम साखर, काट्यावर तोलून, सगळ्या सायडरमध्ये एकत्र विरघळवून भरायची. बाटलीबाटलीत चमचा घालायचा नाही. बाटल्या बिअरच्या किंवा शॅम्पेनच्याच घ्या, किंवा सोड्याच्या प्लास्टिकच्या. प्लास्टिकची दाबून पाहता येते, म्हणून नवख्यांना मी तीच सुचवते. जॅमची बरणी, वाईनची बाटली किंवा शोभेची चौकोनी बाटली कधीही नाही.

गोडही हवं आणि फसफसतंही हवं, असं पुढे विचारलंत. घरी ते सर्वांत अवघड काम आहे. यीस्ट खाऊ शकत नाही असा एरिथ्रिटॉलसारखा गोडवा घालता येतो. झायलिटॉल घालणार असाल आणि घरात कुत्रा असेल तर जपा, त्याला ते विषासारखं आहे. नाहीतर बाटलीत कोरडं ठेवा आणि पेल्यात चमचाभर ताजा रस घालून प्या. मला तेच आवडतं.

प्रश्न : माझं सायडर आंबट झालं, वर पांढरी साय आली. लोणच्याला व्हिनेगर म्हणून वापरू का? (एक वाचक, डर्बी)

उत्तर : हवा लागली. वास व्हिनेगरचाच असेल तर कोशिंबिरीला, चटणीला वापरा. टिकाऊ लोणच्याला नको. टिकण्यासाठी ५ टक्के आम्ल लागतं आणि तुमच्यात किती आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही. ती भांडी आणि नळ्या पुन्हा सायडरला वापरू नका.

प्रश्न : मीडमध्ये आपल्याकडची चव आणायची आहे. जांभूळ, कोकम, वेलची? आणि आसवात घालतात ती धायटीची फुलं यीस्टऐवजी वापरली तर? इकडचा कुठला मध घ्यावा? (एक वाचक, एडिनबरा)

उत्तर : जांभूळ घ्याच. भारतीय दुकानांत गोठवलेला गर मिळतो. साखर घातलेला नसावा, आणि डब्यावर सॉर्बेट किंवा बेंझोएट लिहिलेलं असेल तर ठेवून द्या, त्यात यीस्ट वाढत नाही. मीडचा जोर ओसरल्यावर, दुसऱ्या भांड्यात घाला, म्हणजे वास टिकतो. जांभळाचा तुरटपणा मधाला फार छान धरतो, रंगही देखणा येतो. साडेचार लिटरला एक किलोपासून सुरुवात करा.

कोकमाचं आगळ नको, त्यात मीठ असतं आणि खारट पाण्यात यीस्ट कष्टी होतं. बिनमिठाची सुकी सोलं मिळाली तर मूठभर, तीही शेवटी, चाखत चाखत. वेलची दोन-तीन दाणे, ठेचून, चार दिवस. जास्त झाली की मीड न लागता खीर लागते.

धायटीचा प्रश्न मला फार आवडला. द्राक्षासवापासून कितीतरी आसव-अरिष्टांत ही लाल फुलं घालतात. फुलांबरोबर जंगली यीस्ट येतं, तुरटपणाही येतो. पण सुकून, पाकिटात महिनोन्‌महिने पडून आलेल्या फुलांवर काय जिवंत आहे याचा भरवसा नाही. एक लिटर वेगळं काढून करून बघा, सगळा मध त्यात घालू नका. पाकिटातल्या यीस्टबरोबर मूठभर फुलं घातलीत तर तुरटपणासाठी ती उत्तमच.

मधाचं म्हणाल तर स्कॉटलंडात राहून दुसरीकडे कशाला बघता? ऑगस्टमध्ये डोंगरावर हेदर फुलतं, त्याचा मध घ्या. तो बरणीत जेलीसारखा थिजतो आणि ढवळला की पुन्हा वाहतो. वास दांडगा, किंचित कडसर. महाग आहे, म्हणून अर्धा तो आणि अर्धा साधा फुलांचा घ्या. वसंतात पिवळ्या रेपसीडच्या शेतांतून येणारा मध स्वस्त असतो, पांढरा दगडासारखा बसतो. वास बेताचा असल्याने जांभळाच्या मीडला तोच बरा. जांभळाखाली हेदर वाया जाईल.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात घरच्या सायडरचा स्टॉल लावावा असं ठरतंय. पैसे शाळेच्या मदतीला जाणार आहेत. चालेल ना? (एक वाचक, रेडिंग)

उत्तर : नाही चालणार. पैसे कुठे जातात याने फरक पडत नाही, विक्री ती विक्री. प्रवेशशुल्क घेऊन ‘मोफत’ पेला देणं हीसुद्धा विक्रीच धरली जाते. घरचं सायडर घरी आलेल्या पाहुण्यांसाठी ठेवा.

सफरचंदं हाताशी असतील तर स्टॉलवर सायडरऐवजी रस ठेवा. ताजा गाळलेला रस काचेच्या बाटल्यांत मानेखाली दोन बोटं जागा सोडून भरायचा, झाकण सैल ठेवायचं, बाटल्या पाण्याच्या पातेल्यात उभ्या करायच्या. तळाशी फडकं घाला, नाहीतर बाटल्या तडकतात. रसाचं तापमान ७५ अंश झालं की २५ मिनिटं तेवढंच राखा, बाहेर काढून झाकण घट्ट करा आणि बाटली आडवी ठेवा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. लिटरमागे चिमूटभर व्हिटॅमिन सी घातलंत तर रंग तपकिरी पडत नाही. खाद्यपदार्थाच्या नोंदणीचं तुमच्या कौन्सिलला आधी विचारून घ्या. मेळाव्याच्या आठवडाभर आधी नाही, आत्ताच.